येळवशीची दुसरी वाटी

रानातल्या कडब्याच्या खोपीच्या तोंडाशी दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. दोन्ही काशाच्या, दोन्हींच्या काठावर एकच वेलबुट्टी. एकीतलं करडईचं तेल एवढ्या थंडीतही वाटी हलवली की डुलत होतं. दुसरीतलं थिजलं होतं. गार पडलेल्या तुपासारखे त्यात पांढरट दाणे धरले होते.

नागम्मा घोंगडी पांघरून बाजेवर बसल्या होत्या आणि मुलाची, शिवकुमारची, वाट बघत होत्या. तो विहिरीवरून येईल, खोपीतल्या चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांच्या पांडवांना पाणी घालायला वाकेल आणि वाट्या त्याला दिसतील. तो आधी भडकणार हे त्यांना कालच ठाऊक होतं. काल दिवस मावळताना ती दुसरी वाटी त्यांनीच नातीच्या हातात दिली होती.

शिवकुमार आला. हातात कळशी, ओठांवर शिवनाम. वाकला आणि तसाच थांबला.

"हे काय हाय?"

दामिनी चुलीपाशी आईला पालेभाज्या-शेंगांची भज्जी ढवळू लागत होती. हात पुसत पुढं आली.

"माझं तेल, पप्पा."

"ते दिसायलंय मला. इथं कशाला?"

"तुमच्या वाटीशेजारी ठेवलं. येणाऱ्या सगळ्यांना दिसू दे."

"काय दिसू दे? अप्पांच्या रानात त्यांच्याच नातीनं पामतेल आणून ठेवलं ते?"

"पाम नाहीये ते. ऑलिव्ह थंडीत थिजतंच. थिजलं नसतं तर मी स्वतःच घाबरले असते."

"करडई थिजती का?"

"नाही."

"मग संपलं," शिवकुमार म्हणाला आणि कळशीतलं पाणी पांडवांवर जरा जास्तच जोरात ओतलं.

चुलीकडून दामिनीच्या आईचा, मंजुश्रीचा, आवाज आला. "पूजा तरी होऊ द्या आधी. वर्षाचा सण हाय. बाप-लेकीनं घरी गेल्यावर काय ते भांडावं."

"घरी भांडायला राहिलंय काय," शिवकुमार म्हणाला. "दुपारी सगळे दुकानदार जेवायला येतील. त्यांना मी सांगून टाकणार. ज्याच्याकडं तिच्या बाटल्या असतील त्यानं परत द्याव्यात. आमच्या दुकानाचा त्या तेलाशी संबंध न्हाई."

दामिनी पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली आणि आधीच ढवळून झालेली भज्जी परत ढवळायला लागली.

त्या एका वाक्यानं पोरीचा धंदा बसणार होता, हे तिथं असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पुण्यात परदेशी मालाच्या कंपनीतली नोकरी सोडून ती लातूरला परत आली होती. स्पेनमधून येणारं, बिनखताचं, बिनफवारणीचं ऑलिव्हचं तेल लहान दुकानांत नेऊन विकायचं, असं तिनं ठरवलं होतं. मोठ्या मॉलमध्ये ते मिळतं, तिथं कोणी तिला विचारणारं नव्हतं. क्लासच्या पोरांच्या होस्टेलांशेजारचं सुक्या मेव्याचं दुकान, मुरुडचं गुरुलिंगचं किराणा, नांदेडमधली दोन-चार, लोह्याचं दगडोबाचं. एकेका दुकानात दोन-दोन, चार-चार बाटल्या. एकाही दुकानदाराला हे तेल ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होती संगप्पांची नात. लातूरच्या गोलाई बाजारातल्या संगप्पा तेलवाल्यांच्या घरातली पोरगी खोटा माल आणणार नाही, एवढ्या एका खात्रीवर त्यांनी साबण आणि उदबत्त्या सरकवून फळीवर जागा केली होती.

मग मार्गशीर्षाची थंडी पडली आणि फळीवरच्या बाटल्या आतून पांढऱ्या झाल्या.

सगळ्या दुकानदारांनी एकच अर्थ काढला, आणि तो अर्थ त्यांना संगप्पांनीच शिकवला होता. थिजलं म्हणजे पाम मिसळलंय. दर येळवशीच्या, मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या, आदल्या संध्याकाळी संगप्पा आपल्या दुकानातलं करडईचं तेल वाटीत घालून उघड्या रानात ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी आंबील प्यायला आलेल्या दुकानदारांपुढं ती वाटी फिरवायचे. तेल हललं की लोक माना डोलवायचे आणि वर्षभर दुसऱ्याकडं तेल बघायला जायचे नाहीत. संगप्पा गेले, त्यांच्यामागं मुलानं, शिवकुमारनं, वाटी चालू ठेवली. आता त्याच वाटीच्या शेजारी नातीचं तेल थिजून बसलं होतं.

*

ऊन खोपीच्या कडब्यावर आलं तेव्हा राजशेखरची गाडी बांधाला लागली. नागम्मांचा हा धाकटा मुलगा नांदेडला असतो. त्याच्याबरोबर लोह्याचा दुकानदार दगडोबा होता, डोक्याला मफलर गुंडाळलेला.

"शरणार्थ, अव्वा," राजशेखर पायाशी वाकला. "वाटंत कुत्रं न्हाई. सगळं लातूर रानात येऊन बसलंय."

"एकटाच आलास? बायको कुठाय?"

"तिच्या माहेरच्या रानात गेली." तो दामिनीकडं वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काकूनं तुझी एक बाटली डोक्याला लावून संपवली. केस लई झाक झालेत म्हणती."

"काका, ते खायचं तेल आहे."

"हे तिला सांगायची माझी हिंमत न्हाई."

दामिनीला हसू आलं, पण टिकलं नाही. "काका, पप्पा आज सगळ्यांसमोर सांगणार आहेत, बाटल्या परत द्या म्हणून. नांदेडची दुकानं तुम्ही मला करून दिलीत. तुम्ही एक शब्द टाका ना."

राजशेखरनं मान खाजवली. "टाकला असता बाळा. पण मला त्याच बाजारात बसायचंय. रोज एक फोन येतो. राजूशेठ, पुतणीनं काय दिलंय हे. तू म्हणतीस ते खरंबी असंल. पण मी दादाच्या विरोधात तेलावर बोलू? तेलावर?"

"पण कागद आहेत माझ्याकडं. तपासणीचे."

दगडोबा मफलर सोडत होता, तो मध्येच बोलला. "बाई, रागवू नका. मी तुमच्या आज्याला मानून राहिलो म्हणून स्वतः आलो, न्हाई तर फोनवरच सांगितलं असतं. कागद काय, कोणीबी देतं. गिऱ्हाईक बाटली उजेडात धरतं आणि मला इचारतं, दगडोबा, हे खाली काय बसलंय? मी काय कागद वाचून दावू?"

दामिनीनं आजीकडं बघितलं. ती नजर नागम्मांना लहानपणापासून ओळखीची होती. शाळेत काही बिनसलं की पोरगी दारातून अशीच बघायची, आधी आजीकडं, मग आईकडं.

नागम्मांनी डोळे थिजलेल्या वाटीकडं वळवले.

ती वाटी त्यांच्या रुखवतातली होती. जोडी होती. उदगीरच्या मामानं दिलेली. आणि ज्या वर्षी रेशनवर पामतेल आलं, त्या वर्षी संगप्पांनी येळवशीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून ती जोडी मागून घेतली होती. तेव्हा करडई महाग झाली होती. बाजारात निम्मे लोक करडईत पाम ओतत होते आणि उरलेले निम्मे त्यांना शिव्या देत देत तेच करत होते. संगप्पांनी पामही आणलं. पण त्याचे डबे दुकानाच्या दुसऱ्या अंगाला मांडले आणि खडूनं वर ठळक लिहिलं. येळवशीला दोन्ही वाट्या रानात ठेवल्या. सकाळी थिजलेली आणि न थिजलेली, दोन्ही पाहुण्यांपुढं धरून ते म्हणाले होते, "दोन्ही माझ्याच दुकानातलं हाय. हे थिजतं, हे थिजत न्हाई. ज्याला जे परवडंल ते घ्या. एकाच्या नावानं दुसरं दिलं तर माझ्या पायरीवर चढू नका."

शिवकुमार तेव्हा सोलापूरला शिकायला होता. पुढं दुकानातून पाम गेलं आणि दुसऱ्या वाटीचं काम संपलं. ती नागम्मांच्या फळीवर आली, तिच्यात मेथ्या राहायला लागल्या. शिवकुमार परत आला तेव्हा रानात एकच वाटी होती. दर वर्षी वाटी फिरवताना तो पाहुण्यांना सांगायचा, "अप्पा म्हणायचे, थिजणारं तेल आपल्या दारात नको."

अप्पा असं कधीच म्हणाले नव्हते. पण मुलगा चारचौघांत बापाचं नाव काढतोय, आवाज भरून येतोय, त्याला कुठं मध्ये अडवायचं. नागम्मा ऐकून घ्यायच्या. ऐकता ऐकता इतकी वर्षं गेली की आता तेच खरं झालं होतं. आज त्यांनी तोंड उघडलं तर पोरीचं तेल वाचलं असतं, पण शिवकुमार पाहुण्यांसमोर खोटा पडला असता, तेही बापाच्या वाटीवरून आणि आईच्या तोंडून. काल वाटी देताना त्यांना वाटलं होतं, दोन वाट्या शेजारी बघून त्याला आपोआप काहीतरी आठवेल. पण जे त्यानं बघितलंच नव्हतं ते आठवणार कुठून?

"अव्वा, आंबील शिंपडायला चला," शिवकुमारनं हाक मारली.

*

आंबिलाची मातीची बिंदगी घोंगडीच्या चुंबळीवर डोक्यावर घेऊन घरचा कर्ता रानाला फेरी मारतो आणि चौफेर आंबील शिंपडतो. मागून घरची थोरली बाई भज्जी आणि बाजरीचा उकडलेला उंडा घेऊन चालते. बाकीचे खोपीपाशी थांबतात. वर्षातून एवढ्या एकाच फेरीला मायलेक दोघंच असायचे.

ज्वारी पोटऱ्यात आली होती. हरभऱ्याच्या आंबट पाल्यावर दव होतं आणि नागम्मांच्या लुगड्याचा काठ ओला झाला.

"हळू चल रे. माझे गुडघे तुझ्या वयाचे न्हाईत."

शिवकुमार थांबला. आई चार पावलं पुढं आल्यावर परत चालू लागला.

"शिवा, दामिनीनं तेल ठेवलंय ती वाटी ओळखलीस का?"

"तुझी मेथ्यांची."

"मेथ्यांच्या आधी कशाची होती?"

"मला काय ठाऊक, अव्वा. सणाच्या दिवशी कोडी घालू नको."

"तुझ्या अप्पांची होती. येळवशीची."

शिवकुमारनं आंबील शिंपडलं. थेंब ज्वारीच्या पानांवर टपटपले. मग नागम्मांनी त्याला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, मध्ये मध्ये दम घेत, रानातली वाट बघत. रेशनचं पाम, खडूनं लिहिलेले डबे, दोन वाट्या, आणि त्याचे अप्पा त्या दिवशी काय बोलले ते जसंच्या तसं.

करडईच्या पट्ट्यापाशी काटे लागू नयेत म्हणून दोघं बांधावर चढले. शिवकुमारनं मागं वळून बघितलं.

"हे तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू सांगायचास ते ऐकायला बरं वाटायचं."

"म्हणजे मी इतकी वर्षं लोकांपुढं खोटं बोलायलो?"

"खोटं कशाला. अर्धं."

"अर्धं!" तो थांबला. डोक्यावरची बिंदगी एका हातानं सावरली. "आता तिथं जाऊन सांगणार का तू हे? दगडोबासमोर? गुरुलिंगसमोर?"

"मी कशाला सांगू? रान तुझं, वाटी तुझी, पाहुणे तुझे. मला तुला सांगायचं होतं, सांगितलं."

"आणि मी न्हाई बोललो तर?"

"तर जेवू आणि घरी जाऊ. पोरगी पुण्याला जाईल."

"तू तिच्या बाजूनं हायस."

"मी त्या वाटीच्या बाजूनं हाय," नागम्मा म्हणाल्या. "आणि तुझ्याबी. न्हाई तर इथं करडईत काटे टोचून घेत कशाला आले असते?"

शिवकुमार हसला नाही. उरलेली फेरी त्यानं आंबील शिंपडत पुरी केली. पण आता तो हळू चालत होता.

*

पंगत खोपीसमोर बसली. बाजरीचे उंडे, भज्जी, शेंगापोळ्या, गव्हाची खीर. आंबील पिऊन पिऊन लोक सुस्तावले होते. मुरुडचा गुरुलिंग, अंगानं भरलेला आणि जेवायला दिलदार, तिसऱ्यांदा भज्जी घेत म्हणाला, "वैनी, ह्या भज्जीसाठी मी वर्षभर तुमचं तेल घेतो. शिवकुमारशेठला वाटतं वाटीमुळं."

"मग दावा की वाटी," दगडोबा म्हणाला. "हात लई खरकटे व्हायच्या आत."

शिवकुमार उठला. पहिली वाटी आणून पंगतीसमोर तिरकी केली. तेल काठाला भिडलं आणि मागं आलं. माना डोलल्या. नेहमीचं वाक्य ऐकायला लोक थांबले होते.

तो वाटी खाली ठेवून परत खोपीकडं गेला. नागम्मांना वाटलं, आता हा पाणी पिऊन येईल आणि बाटल्यांचं बोलेल. दामिनीनं ताटातली खीर बोटानं एका कडेला सारली.

तो दुसरी वाटी घेऊन आला. ऊन लागून तिच्या कडेचं तेल सुटलं होतं, मध्ये पांढरा गोळा तरंगत होता.

"अप्पा दोन वाट्या ठेवायचे," शिवकुमार म्हणाला. "हे मला आज कळलं. मी तुम्हाला दर वर्षी एकीचंच सांगत आलो."

मग त्यानं सांगितलं. नागम्मांनी सांगितलं होतं तसंच, पण त्याच्या शब्दांत. पामच्या डब्यांवर खडूनं लिहिलेलं सांगताना तो जरा अडखळला. लोकांनी जेवण थांबवलं होतं.

"थिजतं म्हणून अप्पा कुठल्या तेलावर रागावले न्हाईत," तो म्हणाला. "एकाच्या नावावर दुसरं विकणाऱ्यावर रागावायचे."

दगडोबानं ताटावर हात तसाच धरला होता. "ते पटलं, शेठ. पण पामबी थिजतं आणि हेबी थिजतं. ह्यात पाम न्हाई हे मी कशावरून धरू? पोरीच्या बोलण्यावरून?"

शिवकुमार वाटीकडं बघत राहिला. मग त्यानं एक उंडा मोडला, वाटीच्या सुटलेल्या कडेत बुडवला आणि तोंडात टाकला. आणि त्याला ठसका लागला. मंजुश्रीनं घाईनं तांब्या पुढं केला.

"घसा धरायलंय," तो डोळे पुसत म्हणाला. "खवट हाय."

"पप्पा," दामिनी उठून उभी राहिली होती. "खवट आहे का ते वासावर सांगा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तेलाच्या गादीवर बसून केस पांढरे झालेला माणूस होता तो. खवट तेल त्याला डबा उघडायच्या आधी कळायचं. त्यानं वाटी नाकाशी नेली. तळहातावर दोन थेंब घेतले, दुसऱ्या तळव्यानं चोळले आणि परत हुंगले. पुन्हा एकदा.

"न्हाई. खवट न्हाई." तो सावकाश बोलत होता, जसा घाण्यावर नवीन माल आला की बोलायचा. "हिरवट वास हाय. ओल्या हरभऱ्याचा पाला चुरगाळल्यावर येतो तसा. पामला वासच नसतो. सगळा काढून टाकलेला असतो." त्यानं दगडोबाकडं बघितलं. "हे काय हाय ते मला सांगता येत न्हाई. मी करडईचा माणूस. पण हे पाम न्हाई. हे माझ्या जबाबदारीवर सांगतो."

गुरुलिंगनं हात लांब केला. "इकडं द्या बरं. शेठला ठसका आणणारं तेल बघू तरी कसं हाय." त्यानं बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याच्यात भज्जी करू नका कोणी. पण डॉक्टरनं सांगितलंय म्हणून मागणारे चार जण हायत माझ्याकडं. पोरी, माझ्या बाटल्या राहू दे. फक्त वर लिहून दे, थंडीत थिजतं म्हणून. मराठीत. मोठ्या अक्षरात."

"आजच लिहिते, काका."

"माझ्या घेऊन जा," दगडोबा म्हणाला. त्याचा सूर मऊ झाला होता, पण शब्द तोच होता. "शेठचं नाक मी मानतो. पण लोह्यात माझ्या दुकानात शेठचं नाक न्हाई. मी एकटा आणि गिऱ्हाईक."

"नेते," दामिनी म्हणाली. "उन्हाळ्यात परत येऊन विचारीन."

"विचार की. चहा पाजीन."

राजशेखरनं भज्जीचा शेवटचा घास घेतला आणि म्हणाला, "मी नांदेडच्यांना आधीपासून सांगतच होतो, जरा थांबा म्हणून."

"भाऊजी," मंजुश्री वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही दोन्हीकडून सांगत होता."

पंगत हसली. शिवकुमार बसला आणि गार झालेली खीर खायला लागला.

*

ऊन उतरल्यावर पाहुणे गेले. शेजारच्या रानात पेटवलेला हेंडगा, कडब्याची मशाल, घेऊन कोणी पळत होतं, धूर ज्वारीवरून आडवा पसरला होता. मंजुश्री आणि दामिनी भांडी गाडीत भरत होत्या. दामिनीच्या हातात एक खोकं होतं, त्यात दगडोबानं येताना आणलेल्या बाटल्या. उन्हात ठेवल्यानं त्या आता स्वच्छ झाल्या होत्या, आतलं तेल हिरवट पिवळं दिसत होतं.

नागम्मा बाजेवरून बघत होत्या. शिवकुमार चुलीपाशी बसून राखेनं वाट्या घासत होता. आपली वाटी तो दर वर्षी स्वतः घासायचा, धुतल्या रुमालात बांधायचा आणि दुकानात नेऊन गादीमागच्या कपाटात ठेवायचा. त्या वाटीला घरात कोणी हात लावत नसे. आज त्याच्यापुढं दोन होत्या. घासून झाल्यावर कुठली आपली आणि कुठली पोरीची हे त्यालाही कळेना. त्यानं दोन्ही उलट्या करून बघितल्या, परत सुलट्या केल्या.

मग एकीत एक ठेवली. दोन्ही मिळून रुमालात बांधल्या, गाठ मारली आणि खिशात न घालता हातातच धरून आईकडं आला. तिला बाजेवरून उठायला हात दिला.

"अव्वा," तो म्हणाला, "मेथ्यांना आता दुसरं भांडं बघ."